मावशीने स्मिता पाटील पाहिली

आठवीत असताना मी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत स्मिता पाटीलवर भाषण ठोकलं होतं आणि पहिला नंबर काढला होता. सुरुवात अजून पाठ आहे, "तापीमाईच्या काठावर, शिरपूर नगरीत, एक तारका जन्माला आली…" काय टाळ्या पडल्या होत्या. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, त्यात आई अजून मेथीदाणे ठेवते.

आता गंमत अशी की ती तारका शिरपूरला जन्मलेलीच नाही. १७ ऑक्टोबर १९५५ ला पुण्यात जन्मली, शाळा पुण्यातलीच रेणुका स्वरूप, शिरपूर हे तिच्या वडिलांचं गाव. आणि शिरपूर तापीच्या काठावर तरी कुठंय, ते अरुणावतीच्या काठावर, तापी तिथून खाली राहिली. म्हणजे पहिल्याच वाक्यात दोन चुका, आणि परीक्षक, सर, टाळ्या वाजवणारे सगळे खान्देशातलेच, एकालाही खटकलं नाही. मला तरी कुठं खटकणार होतं, मी तोवर तिचा एकही पिक्चर पाहिला नव्हता. भाषण मामाने लिहून दिलेलं आणि मामाने पण पाहिला नव्हता हे त्याने नंतर एका लग्नात कबूल केलं.

आमच्याकडे हे असंच आहे. आग्रा रोडने इंदूरकडे जाताना शिरपूर आलं की एसटीतला कोणीतरी हमखास म्हणतो, स्मिता पाटीलचं गाव बरं का. छाती फुगवून म्हणतो. त्याला विचारा, कोणता पिक्चर आवडतो तिचा? मग जरा शांतता, आणि मग "ती नाही का ती, अमिताभसोबतची". आपली म्हणायला सगळे पुढे, पाहायला कोणी नाही. मी पण त्यातलीच होते म्हणून बोलतेय.

तर हे सगळं आठवायचं कारण म्हणजे जानेवारीत नंदुरबारला मावशीकडे गेले होते चार दिवस.

नंदुरबार म्हटलं की मिरची. गावाबाहेर पथाऱ्या असतात, मोकळ्या रानात ओली लाल मिरची वाळत घातलेली, लांबून बघितलं तर जमिनीवर लाल सतरंजी अंथरल्यासारखं दिसतं आणि दोन मिनिटांत नाक वाहायला लागतं. माझ्या मावशीने अशा पथाऱ्यांवर तीसेक वर्षं काम केलं. मिरची पसरायची, उलटीपालटी करायची, बसून देठ खुडायचे, वजनावर पैसे. आता गुडघे गेलेत म्हणून घरी असते. तिने मला एकदा सांगितलं होतं की हाताची आग पाण्याने जात नाही, उलट पसरते, आधी गोडेतेल चोळायचं, मग राखेने नाहीतर साबणाने धुवायचं, आणि तरी रात्री हात उशाबाहेर टाकून झोपायचं, झोपेत चुकून डोळ्याला लागला तर संपलं. मावसभाऊ अंगावर पीत होता तेव्हा ती संध्याकाळी घरी आली की तो तिच्याकडे झेपावायचा आणि ही त्याला घ्यायची नाही, आधी सासूकडून तेलाची वाटी मागायची. पोरगं रडून रडून लाल, आणि ही ओसरीवर बसून हात चोळतेय. हे ती हसत सांगते, का हसते माहीत नाही.

तर त्या रात्री शेवभाजी-भाकरी झाल्यावर मी म्हटलं, मावशी, चल तुला एक मिरचीचा पिक्चर दाखवते. मोबाईल टीव्हीला जोडला आणि 'मिर्च मसाला' लावला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, केतन मेहताचा सिनेमा, इंग्रजांचा काळ, गावावर एक सुभेदार येऊन बसलाय, म्हणजे नसीरुद्दीन शाह, त्याची नजर सोनबाईवर जाते, ती त्याच्या कानाखाली वाजवते आणि पळून मिरची कुटायच्या कारखान्यात शिरते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ, म्हणजे ओम पुरी, दार बंद करून घेतो. पुढचा सगळा सिनेमा त्या बंद दारामागे. आत बायका आणि मिरची, बाहेर अख्खं गाव, आणि गाव म्हणतंय की देऊन टाका तिला, एका बाईपायी आम्ही का मरायचं. सोनबाई म्हणजे स्मिता.

मावशीला हिंदी कळतं, गुजराथी त्याहून चांगलं, त्यामुळे मला काही समजावून सांगावं लागलं नाही. उलट तीच मला सांगत होती. मिरचीचे ढीग दिसले की लगेच, "चांगली वाळेल शे." एकदा म्हणाली इतकी मिरची आणि बाया इतक्या कमी कशा. आणि मग स्मिता खाली बसलेली दिसली आणि मावशी एकदम पुढे सरकली, म्हणाली, "तिनं बसनं देख. हाई काम करेल बाई शे."

मी म्हटलं नाही गं, मंत्र्याची पोरगी आहे ती, आपल्या शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची. मावशी म्हणाली, मंत्र्याची असू दे नाहीतर कोणाची, असं बसता येत नाही कोणाला शिकवून.

मला त्या वाक्याने धरलं. कारण मी तोवर तिचे बरेच सिनेमे पाहिले होते आणि दरवेळी डोळे डोळे करत होते, सगळेच करतात, तिचे डोळे, तिचा सावळा रंग, तो चेहरा. आणि मावशी चेहऱ्याकडे बघतच नव्हती. ती बसणं बघत होती, हात बघत होती, डोक्यावरचं ओझं उतरवताना मान कशी वळते ते बघत होती. घरी आल्यावर मी जुने सिनेमे परत काढले आणि मावशीच्या नजरेने बघायला लागले, आणि खरंच, 'मंथन'मधली बिंदू घ्या, 'चक्र'मधली झोपडपट्टीतली अम्मा घ्या, ती कुठेही "काम करण्याचा अभिनय" करत नाहीये, काम करतेय आणि मधूनमधून बोलतेय. 'सद्गती' तर बघाच. सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये दूरदर्शनसाठी केलेली प्रेमचंदांच्या कथेवरची छोटी फिल्म आहे, तासाभराच्या आत संपते. ओम पुरी दुखी चांभार, स्मिता त्याची बायको झुरिया, आपले मोहन आगाशे भटजी. स्मिताला फार वाक्यं नाहीत. नवरा मेल्यावर ती ब्राह्मणाच्या दारात येते, बस, मी तेवढं बघून टीव्ही बंद केला आणि भांडी घासायला गेले.

आणि दूरदर्शनवरूनच तर ती सापडली. वडील राजकारणात म्हणून बिऱ्हाड मुंबईला गेलं, मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झालं होतं, तिथे ही मराठी बातम्या वाचायला लागली. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा तर इतका सांगितला गेलाय की बास. अरुण खोपकरांनी फिल्म इन्स्टिट्यूटच्या डिप्लोमा फिल्ममध्ये तिला घेतलं, तीच पहिली. मग श्याम बेनेगलांनी, आधी 'चरणदास चोर', मग 'निशांत', मग 'मंथन', मग 'भूमिका'. आमच्या खान्देशात तेव्हा टीव्ही कुठला असायला, त्यामुळे आपली पोरगी टीव्हीवर बातम्या वाचते हे शिरपूरकरांना बघायला मिळायचं काही कारणच नव्हतं. मुंबईकर रोज बघत होते आणि आम्ही ऐकून होतो. तिथूनच सवय लागली असेल आम्हाला, ऐकून आपली म्हणायची.

'मंथन'ची गोष्ट मला फार आवडते. गुजरातच्या ५ लाख दूधवाल्या शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घातले आणि त्या १० लाखांत सिनेमा झाला, दूध सोसायटीवरचाच सिनेमा. आणि त्यात काम करणारी कोण तर सहकारवाल्या बापाची पोरगी. मी स्वतः पतपेढीत आहे, सहकार म्हणजे काय, संचालकांच्या मीटिंगमध्ये काय चालतं हे मला विचारू नका, पण तो सिनेमा आमच्या एजीएमला एकदा लावला पाहिजे असं मला फार वाटतं. जेवणाआधी. जेवणानंतर कोणी थांबत नाही.

'भूमिका'साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. जुन्या काळच्या अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आयुष्यावर बेतलेला सिनेमा, आणि वय काय हिचं तर फार तर बावीस. बावीसाव्या वर्षी मी बीकॉमचा एटीकेटी सोडवत होते. त्याच वर्षी 'जैत रे जैत', जब्बार पटेलांचा, गाणी आपल्या पळसखेड्याच्या ना. धों. महानोरांची, आणि ठाकर बाईच्या वेशात ही डोंगरावर अशी हिंडते की पुण्यातल्या शाळेची मुलगी आहे हे सांगून खरं वाटणार नाही. 'चक्र'ला दुसरा राष्ट्रीय पुरस्कार. तोपर्यंत कोणाला काही सिद्ध करायचं राहिलं नव्हतं. पण त्या 'चक्र'च्या जाहिरातीत काय लावलं, तर उघड्यावर आंघोळ करणारी स्मिता. पिक्चर झोपडपट्टीचा, पोस्टर त्याचं. असो.

'उंबरठा'बद्दल मी इथे फार लिहिणार नाही. तो मी तिशीत पाहिला, तीनदा थांबवून पाहिला. सुलभा महाजन घर आणि लहान मुलगी मागे ठेवून महिलाश्रमाच्या नोकरीवर जाते. मला त्याच वर्षी नाशिकची एक चांगली नोकरी चालून आली होती आणि मी गेले नाही. का गेले नाही ते मला माहीत आहे आणि घरच्यांनाही माहीत आहे. सुलभा बॅग भरते तो सीन आला की अजून पोटात काहीतरी होतं, इतकंच.

तर परत मावशीकडे. शेवट आला, बायकांनी मिरचीची पूड सुभेदारावर भिरकावली, सगळा पडदा लाल. मी अशी भारावून बसलेले, आता मावशी काहीतरी मोठं बोलणार, डोळ्यात पाणी वगैरे. मावशी म्हणाली, "त्यासले ठसका नई लागना का व?"

तिचं पण बरोबर होतं. मला सांगायला लागली की एवढी पूड उधळली तर वारा कोणत्या बाजूचा आहे ते आधी बघावं लागतं, नाहीतर आपल्याच तोंडावर. मग जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली की पण ठीक आहे, लागला असेल ठसका, सहन केला असेल, आम्ही नाही का करायचो.

मग मला विचारलं, आता काय करते ती? मी म्हटलं, मावशी, ती गेली. हा पिक्चर लागला १९८७ मध्ये, ती त्याच्या आधीच गेली, १३ डिसेंबर १९८६ ला, एकतीस वर्षांची होती. कशाने? बाळंतपणात. २८ नोव्हेंबरला मुलगा झाला आणि पंधरा दिवसांत गेली.

मावशीने रिमोट खाली ठेवला.

"मुंबईमा राहीसन बी?"

मला काही उत्तर सुचलं नाही. मावशीच्या थोरल्या जावेचं असंच झालेलं, धडगावच्या बाजूच्या पाड्यावर, गाडी मिळेपर्यंत उशीर. मावशीच्या डोक्यात इतकी वर्षं एक हिशोब पक्का होता, की गाडी असती, रस्ता असता, मोठ्ठा दवाखाना असता तर ती वाचली असती. आणि आता टीव्हीवरची ही बाई, मुंबईत राहणारी, मंत्र्याची मुलगी, आई नर्स, सरकारने १९८५ मध्ये पद्मश्री दिलेली, ती पण तशीच गेली. मावशी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग विचारलं, पोरगं आहे का? म्हटलं आहे, प्रतीक, तो पण सिनेमात आहे, २०२४ मध्ये 'मंथन'ची नवी प्रिंट फ्रान्सला कान्सच्या फेस्टिव्हलमध्ये दाखवली तेव्हा तो गेला होता. "मोठा व्हयना म्हनजे," एवढंच म्हणाली. आजीआजोबांनी सांभाळला असंही सांगितलं. नवऱ्याबद्दल तिने विचारलं नाही आणि मीही राज बब्बरचं सगळं पुराण काढलं नाही, ते तेव्हाच्या मासिकांनी भरपूर काढलंय, दहा-बारा वर्षांत ८०च्या आसपास सिनेमे केलेल्या बाईबद्दल लोकांना तेवढंच जास्त आठवतं ह्याचा मला रागच येतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशी स्वतःहून म्हणाली, तिचा आणखी एक लाव. मी म्हटलं आता जरा हलकंफुलकं बघू, कालचं पुरे झालं, आणि 'नमक हलाल' लावला. १९८२ चा, अमिताभचा. पहिल्या काही मिनिटांतच मावशी म्हणाली हा तिने पाहिलाय, इथेच, टॉकीजला, लग्न नवीन होतं तेव्हा मावसाने नेलं होतं, आंतरपाटाच्या वेळी घेतलेली जांभळी साडी नेसून गेली होती, आणि इंटरव्हलला मावसाने भजी आणली ती गार होती. सगळं लख्ख आठवत होतं. अमिताभ आठवत होता, भजी आठवत होती. मग पडद्यावर स्मिता आली.

मी काही बोलले नाही. मावशी बघत राहिली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला.

"हाई ती शे?"

"हो."

"मिरचीवाली?"

"हो मावशी. आपली शिरपूरची."

"मी तं देखेल शे ना व हिले," मावशी म्हणाली. मग जरा वेळाने, जसं काही माझीच चूक असल्यासारखं, "तवय कोनी सांगनं नई."

पावसातलं गाणं आलं तेव्हा ती उठून चहा ठेवायला गेली.