खालून कापलेली बातमी
१२ डिसेंबर २०१५, शनिवार. पहिलं पान माझ्याकडे होतं. दिल्लीत जपानचे पंतप्रधान आबे आलेले, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा करार झालेला. शरद पवारांना त्याच दिवशी ७५ वर्षं पूर्ण झाली होती आणि जिल्ह्याजिल्ह्यांतून फोटोंचा ढीग येत होता. त्यात पुण्याहून बातमी आली : शेतकरी संघटनेचे शरद जोशी गेले. रात्रभर मी सगळ्यांना एकच बजावत होतो, मथळ्यात नुसतं 'शरद' जाऊ द्यायचं नाही.

मोठी माणसं आजारी पडली की डेस्कवर त्यांचा मजकूर आधीच तयार करून ठेवतात. बाहेरच्यांना हे निर्दयपणाचं वाटतं. आमच्याकडे तो शहाणपणा. जोशींची फाइल उघडली तर पहिलंच वाक्य : 'शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या...' कपाळावर हात मारला. शेतकरी नेता म्हटला की जन्मही बांधावरच झाला असणार, असं कुणीतरी गृहीत धरलेलं. आमच्या धंद्यात अर्ध्या चुका अशा न विचारता झालेल्या असतात.

साताऱ्यात १९३५ साली जन्मलेला हा माणूस टपाल खात्यात अधिकारी होता, मग स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघात. ती नोकरी सोडून त्यानं चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली. शेती केली, खर्च मांडला आणि हिशेब जुळेना. उत्पादन खर्चावर आधारित भाव ही एककलमी मागणी त्या हिशेबातून आली. पुढे चाकणचा कांदा, १९८० चं नाशिकचं ऊस-कांदा आंदोलन, 'भीक नको, हवे घामाचे दाम'. मी सगळं नव्यानं लिहिलं. आंबेठाणच्या त्या शेतावर, अंगारमळ्यावर, वेगळी चौकट केली. चौकट झकास जमली होती, आजही म्हणेन.

साडेदहाला पान लावणारा म्हणाला, ओव्हर जातंय, मजकूर बसत नाही. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती सोडायची वेळ झालेली. अशा वेळी बातमी खालून कापतात. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, असा नियमच आहे. जोशींच्या बातमीत खाली राजकारण होतं. १९९४ चा स्वतंत्र भारत पक्ष राहिला, कारण नाव तरी हवंच. सभांना जमलेली गर्दी मतपेटीत का उतरली नाही, ते गेलं. आणि शेवटचा परिच्छेद गेला : ९ मार्च २०१० ला राज्यसभेत महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं, तो १ म्हणजे जोशी. आरक्षित मतदारसंघ दर निवडणुकीत फिरते ठेवण्याला त्यांचा विरोध होता. १९८६ ला चांदवडला शेतकरी बायकांचा एवढा मोठा मेळावा भरवणारा, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणून गावोगाव लक्ष्मीमुक्ती सांगणारा माणूस सभागृहात एकटा उलट मत देतो. हे दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय तो कळतच नाही. वृत्तसंपादक म्हणाले, ''जाऊ दे रे, गेलेल्या माणसाचं वाकडं कशाला?'' सज्जन गृहस्थ, पण मृत्युलेख म्हणजे सत्कार समजणारे. मलाही वाद घालायला वेळ नव्हता.

सोमवारी एका बाईंचा फोन आला. आवाजावरून सत्तरीच्या. चांदवडला गेल्या होत्या, संघटनेचा लाल बिल्ला अजून जपून ठेवलाय म्हणाल्या. ''भाऊ, साहेबांच्या त्या मताचं नाही लिहिलं तुम्ही.''

मी म्हटलं, ''वाचायला बरं वाटलं नसतं, ताई.''

''आम्हाला तेव्हाही बरं वाटलं नव्हतं. भांडलो होतो आम्ही आपसात. पण दिलं ना त्यांनी मत?''

जागा नव्हती, असं सांगून मी फोन ठेवला. मग अंक आणि मूळ मजकूर काढून मोजलं. कापलेला परिच्छेद ११ ओळींचा होता. माझी अंगारमळ्याची चौकट १४ ओळींची.