काच खाली न जाणारी फियाट

जॉबकार्डावर तीनच तक्रारी होत्या. दोन्ही दारांच्या काचा अडकल्या आहेत, हँडलंही गायब आहेत. मागची सीट नाही, नवी बसवून हवी. इंजिनाचं तेल गळतंय.

इटलीतल्या तुरीनमधल्या ज्या गॅरेजात मी काम करतो तिथे जुन्या फियाटच येतात, आणि त्यातही नुओवा 500 ही छोटी गाडी तर उठता-बसता. ही राखाडी गाडी एका गृहस्थांना आजोबांकडून आलेली. उन्हाळ्यात दोन्ही मुलींना घेऊन फिरायचं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

काचेचं काम किरकोळ म्हणून आधी तेच हातात घेतलं. आतलं पॅनल सोडवलं आणि टॉर्च मारला, तर दार आतून रिकामं. काच वर-खाली करणारी यंत्रणा नव्हतीच, पण ती निघाली असती तर निदान तिच्या बोल्टांची भोकं तरी दिसली असती. तीही नव्हती. पत्रा कोरा करकरीत. हँडलचा दांडा बाहेर काढायला पॅनललासुद्धा जागा नाही. काच चौकटीत पक्की बसवलेली. वाऱ्यासाठी पुढची छोटी तिकोनी काच तेवढी उघडायची.

मी पाना खाली ठेवला आणि कागदपत्रं मागवली. नोंदणी सप्टेंबर 1957 ची.

आता हा महिना का महत्त्वाचा, ते सांगतो. नुओवा 500 बाजारात आली 4 जुलै 1957 ला. तेव्हा ती इतकी उघडीबोडकी होती की आज बघणाऱ्याला खरं वाटत नाही. बंद काचा, मागे सीटच्या नावाखाली सामान टाकण्यापुरती फळी, चाकांवर टोप्या नाहीत, चकाकी औषधालाही नाही. किंमत 4,90,000 लिरे (इटलीचं तेव्हाचं चलन). दोनच वर्षांपूर्वी आलेली, चौघांची फियाट 600 बाजारात आली होती 5,90,000 ला. लोकांनी सरळ हिशेब केला. स्कूटरवाल्यांना चार चाकांवर आणायचं हा कारखान्याचा बेत, पण स्कूटरवाल्यालाही बायकापोरं असतात! गाडी खपेना. नोव्हेंबरपर्यंत कंपनीने खाली जाणाऱ्या काचा आणि मागे बसता येईल अशी जागा देऊन 'नोर्माले' काढली. साधी 'एकोनोमिका' 25,000 लिऱ्यांनी स्वस्त केली आणि आधीच्या गिऱ्हाइकांना तेवढे पैसे परतही दिले. म्हणजे गाडी केवळ पहिल्या रूपात विकली गेली ती जेमतेम चार महिने.

हे उघडंबोडकं रूप गाडीचे रचनाकार दांते जाकोसांनी नकळत दिलं असेल, असं मला वाटत नाही. पत्र्याचा प्रत्येक ग्रॅम मोजणारा हा इंजिनिअर. त्यांचीच 1936 ची तोपोलीनो दोघांचीच होती आणि ती धो धो खपली होती. पण मधे महायुद्ध होऊन गेलं होतं, आणि शेजारी त्यांचीच 600 उभी होती. 600 चं गिऱ्हाईक फुटू नये म्हणून धाकटीला मुद्दाम उपाशी ठेवलं, असं माझं मत. (कुर्ल्याला बनलेली आपली पद्मिनी, म्हणजे फियाट 1100, हीसुद्धा जाकोसांच्याच हाताखालच्या मंडळींची. तुरीनच्या थंडीत तिची आठवण येते.)

दुपारी इंजिन उतरवलं. पहिल्या गाडीच्या इंजिनावर 110.000 हा प्रकाराचा शिक्का हवा. इथे 110 वाचता येत होतं, पुढचं कुणीतरी कानशीने घासलेलं. शंका नको म्हणून हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, काढलं आणि सिलिंडरचा व्यास मोजणारा बोअर गेज आत सोडला. मूळ इंजिन 479 सीसीचं, बोअर (सिलिंडरचा व्यास) 66 मिलिमीटर. काटा थांबला 67.4 वर. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली चाल, दोन्हींचा 70 च, त्यामुळे या दीड मिलिमीटरलाही कमी असलेल्या फरकाने हिशेब 499.5 सीसीवर जातो. हे 1960 नंतरच्या 500 डी चं इंजिन, 17.5 अश्वशक्तीचं. पहिलं होतं 13 चं.

या इंजिनाची जन्मकथा मला गाडीपेक्षा जास्त आवडते. फियाटच्या जर्मनीतल्या वाइन्सबर्ग कारखान्यातल्या बाउहोफ नावाच्या कर्मचाऱ्याने 1953 मध्ये एका छोट्या गाडीचा आराखडा तुरीनला पाठवला. मागे इंजिन, एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक. जाकोसांनी मागचं इंजिन आणि आकाराची कल्पना उचलली, टू-स्ट्रोकला नकार दिला. दोन सिलिंडरचं, हवेने थंड होणारं फोर-स्ट्रोक घेतलं. रेडिएटर नाही, पाणी नाही, वजन कमी. मात्र दोन्ही पिस्टन एकाच वेळी वर येतात आणि एकाच वेळी खाली जातात, त्यामुळे चालू केलं की अख्खी गाडी थरथरते. छत कापडाचं असण्यामागे पत्र्याची बचत तर होतीच. पण तो घुमणारा आवाज वरून निघून जातो, हेही होतं.

संध्याकाळी गाडीचे मालक आले. मी त्यांना दार दाखवलं.

"म्हणजे आजोबांनी काच कधीच खाली घेतली नाही?"

"घ्यायला काही नव्हतंच. छत गुंडाळत असतील."

ते हसले. मग व्यवहाराचं बोलणं निघालं. मी स्पष्ट सांगितलं, अशी दारं आता शोधूनही सापडत नाहीत. यंत्रणा बसवायला पत्रा कापला की निम्मी किंमत तिथेच गेली. सीट मात्र भोकं न पाडता बसवता येईल, हवी तेव्हा काढता येईल. इंजिनाचं काय, तर 110.000 शोधून बसवू शकतो, पण खर्चाचा आकडा ऐकून तुम्हीच नको म्हणाल.

"आणि चढावर कुठलं बरं?"

"हे. मुली मागे बसल्या तर फारच."

आमच्या गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकांना हे पटलं नाही. मूळ तेच मूळ, असं पुटपुटत ते निघून गेले. मी कार्डावर काचेची तक्रार खोडली, शेरा लिहिला: 'दोष नाही, मूळ रचना. इंजिन नंतरचं.' दुसऱ्या दिवशी तेलाचं सील बदललं. दोन सीटांमधल्या दोन दांड्या, एक चोकची, एक स्टार्टरची. दुसरी खेचली आणि गाडी थरथरत सुरू झाली. गिअर आपोआप जुळवून घेणारा सिंक्रोमेश नाही, त्यामुळे डबल क्लच करत, म्हणजे प्रत्येक गिअरला दोनदा क्लच दाबत, तिला आवाराबाहेर काढली.