साडेतीन मीटर उत्तरेला

पणजीतल्या एका छोट्या सर्व्हे ऑफिसात मी काम करते, म्हणजे मुख्यतः कॅडमधली (कॉम्प्युटरवर काढलेली) ड्रॉइंग जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, आणायची आणि जीआयएसमधलं कॅडवाल्यांना द्यायचं, आणि या कामात मला मोठ्या चुकीची भीती कधीच वाटत नाही. युनिट किंवा प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) पार चुकलं तर आख्खं गाव आफ्रिकेजवळच्या समुद्रात शून्य-शून्यला जाऊन पडतं, ते कोणालाही दिसतं, दहा मिनिटांत कारण सापडतं. भीती वाटते ती दोन-चार मीटरच्या चुकीची, कारण ती सगळ्यांना नेहमीचीच वाटते, जुना नकाशा आहे, जीपीएसमध्ये तेवढं इकडेतिकडे होतंच, असं म्हणून पुढे ढकलली जाते. तशीच एक फाइल आमच्याकडे आली होती, त्या दिवसाचं सांगते.

काम होतं तिसवाडीतल्या मांडवीकाठच्या एका खाजनाचं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, खाजन म्हणजे नदीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल शेतजमीन, बांधात मानस असते म्हणजे लाकडी दाराची मोरी, भरतीला पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर जातं. बांध फुटला की खारं पाणी आत शिरतं आणि शेत पुढची काही वर्षं भाताच्या कामाचं राहत नाही, त्यामुळे बांधाची दुरुस्ती हा गावात जीव की प्राणाचा विषय असतो. हा बांध जवळपास दोन किलोमीटर, पूर्व-पश्चिम जाणारा, दक्षिणेला नदी आणि उत्तरेला शेतं. आमच्याकडे गावाचा सर्व्हे प्लॅन डीजीपीएसच्या, म्हणजे अचूक जीपीएसच्या, पॉइंटवर बसवून तयार होता, यूटीएम झोन ४३ उत्तर (जागा मीटरच्या आकड्यांत सांगायची एक ठरलेली पद्धत), मीटरमध्ये. तो आम्ही डीएक्सएफ (कॅडमध्ये उघडणारी फाइल) करून बांधाचं डिझाइन करणाऱ्या बाहेरच्या कन्सल्टंटना दिला, त्यांनी त्यावर नवीन बांधाचा पाया आखला आणि शेपफाइल, म्हणजे जीआयएसची नकाशाची फाइल, परत पाठवली. आमचं काम एवढंच की बांधाचा पाया कुठल्या कुठल्या सर्व्हे नंबरला लागतो त्याची यादी काढायची, कारण त्या यादीवरून लोकांना नोटिसा जाणार.

यादी निघाली, आणि कच्ची प्रत गावात कुळांच्या मंडळींना बघायला दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच एक म्हातारे गृहस्थ फॉर्म एक-चौदा (गोव्यातला जमिनीचा उतारा) प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दारात उभे. त्यांचं म्हणणं एकच, “बांद म्हज्या शेताक लागना बाय, मदीं चर आसा.” म्हणजे बांध आणि त्यांचं शेत यांच्यामध्ये पाण्याचा चर आहे, बांध कितीही रुंद केला तरी शेतापर्यंत येत नाही, मग यादीत त्यांचा नंबर कसा? आमच्या स्क्रीनवर मात्र बांधाची कड त्यांच्या शेताच्या हद्दीवरून आत गेलेली स्पष्ट दिसत होती. मी त्यांना बसवलं, चहा दिला, आणि मनात म्हटलं की जो माणूस जन्मभर त्या चराच्या कडेने चालला तो खोटं सांगत नाहीये, म्हणजे आमच्या फाइलमध्ये काहीतरी आहे.

आमच्याकडे सत्तरी तालुक्यातला एक मुलगा ज्युनियर आहे, हुशार आहे, हात चटकन चालतो. त्याने बघितलं आणि म्हणाला, “ताई, सगळं साधारण साडेतीन मीटर वर गेलंय, मूव्ह करून खाली बसवू का? दोन मिनिटांचं काम.” आणि खरं सांगायचं तर मूव्ह केलं असतं तर बसलंही असतं, तेच तर वाईट आहे. असं सरकवून बसवलेल्या फाइली मी खूप बघितल्यात, कोणी किती सरकवलं याची नोंद कुठेच नसते, मग पुढचा माणूस मूळ फाइल घेऊन येतो, त्याची आपल्याशी जुळत नाही, तो आपली सरकवतो. म्हणून त्याला म्हटलं, आधी ते का सरकलं ते कळू दे, तोपर्यंत माउसला हात लावायचा नाही.

मग एकेक संशयित घेतला. जुना डेटम, म्हणजे पृथ्वीचा जो आकार धरून नकाशा मोजला तो? सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटचं एव्हरेस्ट स्फेरॉइड आणि आताचं डब्ल्यूजीएस ८४ यांची गल्लत झाली की फरक शेकड्यांनी मीटरचा पडतो, साडेतीनचा नाही. बांधाच्या वळणातल्या आर्कचे सरळ तुकडे झाले असतील? शेपफाइलमध्ये आर्क नसतोच, कॅडमधला गोलावा निर्यात होताना छोट्या छोट्या रेघांत मोडतो आणि तुकडे मोठे घेतले तर वळणावर रेघ आत सरकते. पण ते फक्त वळणावर होईल, इथे सरळ भागातही तेवढाच फरक. जमिनीवरचं अंतर आणि ग्रिडवरचं, म्हणजे यूटीएमच्या आकड्यांतलं, अंतर यांचा घोळ? हा गोव्यात बऱ्याच वेळा होतो, कारण आपण झोन ४३ च्या मध्य रेखांशापासून, म्हणजे ७५ अंशापासून, सव्वाशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेला आहोत आणि इथे टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) मोजलेला एक किलोमीटर यूटीएममध्ये वीस-बावीस सेंटिमीटरने कमी भरतो. पण तो फरक एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला चाळीस-पन्नास सेंटिमीटर असा वाढत गेला असता. मुलगा म्हणाला, प्लेट सरकते ना ताई, भारताची? सरकते, ईशान्येला वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर, पण साडेतीन मीटर व्हायला साठ-सत्तर वर्षं लागतील. त्याने हे विचारलं याचं मला बरं वाटलं, असंच विचारायला पाहिजे.

आता नीट मोजायचं होतं. नशीब असं की कन्सल्टंटनी आमचीच हद्दीची लेयर (रेघांचा थर) बंद न करता सगळ्या रेघा एकाच फाइलमध्ये परत पाठवल्या होत्या. एरवी मी अशा खिचडीवर वैतागते, पण त्या दिवशी त्याचाच उपयोग झाला, कारण आम्ही पाठवलेला कोपरा आणि तोच कोपरा परत आलेला, असे एकास एक ताडून बघता आले. पूर्वेच्या टोकाचा, मानशीजवळचा, पश्चिमेचा, सगळीकडे उत्तरेला ३.४४ मीटर आणि पूर्वेला ०.७६ मीटर. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फरक बदलला तो काही मिलिमीटर.

हे दोन आकडे मी कागदावर लिहिले आणि बघत बसले. उत्तरेला जास्त, पूर्वेला कमी, प्रमाण साडेचार पट. मग त्या जागेचे कोऑर्डिनेट लिहिले, ईस्टिंग (पूर्वेकडचा आकडा) सुमारे ३,७८,००० आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचा) सुमारे १७,१८,०००. भागाकार केला. साडेचार पट! म्हणजे फाइल सरकलीच नव्हती, फाइल मोठी झाली होती, शून्य-शून्य बिंदूपासून सगळी ताणली गेली होती, आणि गाव त्या शून्यापासून १७ लाख मीटर दूर असल्यामुळे इवलासा ताण तिथे पोचेपर्यंत साडेतीन मीटर झाला होता. किती ताण? ३.४४ भागिले १७,१८,०००, म्हणजे दहा लाखात दोन. आणि दहा लाखात दोन हा आकडा आमच्या धंद्यातल्या माणसाने पाठ करून ठेवावा असा आहे, कारण दोन प्रकारच्या फुटांमधला फरक बरोबर तेवढा आहे.

फूट दोन आहेत हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. १९५९ पासूनचा आंतरराष्ट्रीय फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. अमेरिकेतल्या जमीन मोजणीत मात्र जुना सर्व्हे फूट चालूच राहिला, तो म्हणजे १२०० भागिले ३९३७ मीटर, ०.३०४८००६ च्या पुढे. अमेरिकेने तो २०२२ अखेर अधिकृतपणे बंद केला, पण सॉफ्टवेअरच्या याद्यांमध्ये तो अजून बसलेला आहे. घर, प्लॉट, रस्ता मोजताना हा फरक कधीच जाणवत नाही, एक किलोमीटरला दोन मिलिमीटर. पण यूटीएमच्या लांबलचक आकड्यांवर तो लागला की एवढा होतो.

लेयरची व्याप्ती उघडून बघितली तर ईस्टिंग १२ लाखांत आणि नॉर्दिंग ५६ लाखांत, म्हणजे आकडे फुटांतच होते. आमचं जीआयएसचं सॉफ्टवेअर, क्यूजीआयएस, आपलं आपण रूपांतर करून दाखवत होतं म्हणून नकाशावर कोणालाच शंका आली नाही. मग शेपफाइलसोबतची पीआरजे फाइल (प्रोजेक्शन आणि युनिट कुठलं ते सांगणारी) नोटपॅडमध्ये उघडली, आणि युनिटच्या जागी लिहिलं होतं फूट_यूएस, ०.३०४८००६०९६. मी खुर्चीतून उठलेच.

कन्सल्टंटच्या ड्राफ्ट्समनना फोन लावला. वयाने मोठे गृहस्थ, शांतपणे सगळं ऐकलं आणि ड्रॉइंग उघडून स्वतःच शोधलं. त्यांचं टेम्प्लेट फुटांचं होतं, आमची मीटरची फाइल त्यात आणली तेव्हा सॉफ्टवेअरने इन्सयुनिट्सचे, म्हणजे ड्रॉइंगचं युनिट सांगणारे, आकडे वाचले, आमचा ६ म्हणजे मीटर आणि त्यांचा २ म्हणजे फूट, आणि आपणहून ०.३०४८ च्या फुटाने रूपांतर केलं. इथपर्यंत सगळं बरोबर. परत पाठवताना मात्र ड्रॉइंग फुटांत आहे म्हणून त्यांनी यादीतून फुटांची यूटीएम निवडली, आणि ती अमेरिकन फुटाची निघाली. जाताना एक फूट, येताना दुसरा फूट. त्यांनी लपवाछपवी केली नाही, “मॅडम, हे मला ठाऊक नव्हतं, टेम्प्लेट आजच बदलतो,” म्हणाले. अशा माणसाबरोबर काम करायला मला केव्हाही आवडेल.

इकडे आमच्या ज्युनियर मुलाने तोपर्यंत कॉपी करून पीआरजेमध्ये युनिट बदलून ०.३०४८ टाकलं आणि लेयर परत लोड केली. उत्तरेचा फरक गेला, एकदम शून्य. पण पूर्वेचा फरक ०.७६ होता तो वाढून बरोबर १ मीटर झाला. तो गोंधळला, आणि कोणीही गोंधळेल. कारण असं की यूटीएमचं फॉल्स ईस्टिंग, म्हणजे मध्य रेखांशाला दिलेला ईस्टिंगचा आकडा, ५,००,००० मीटर असतं, आणि पीआरजेमध्ये तेही फुटांतच लिहिलेलं असतं, अमेरिकन फुटांत १६,४०,४१६.६७. युनिट बदललं पण हा आकडा तसाच राहिला, तर नवीन फुटाने त्याचे ४,९९,९९९ मीटर होतात, म्हणजे एक मीटर कमी, आणि तेवढा नकाशा पूर्वेला जातो. तिथे १६,४०,४१९.९५ टाकल्यावर आमचा प्रत्येक कोपरा आमच्या कोपऱ्यावर बसला. आता मोजलं तर मिलिमीटर उरले. मग ती सगळी लेयर ईपीएसजी ३२६४३ (यूटीएम झोन ४३ उत्तरचाच क्रमांक) मध्ये, मीटरमध्ये, जिओपॅकेज फाइल करून सेव्ह केली, आणि फुटांची मूळ फाइल हात न लावता वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली, सोबत काय झालं त्याची एक पानाची नोट.

स्क्रीनवर जुळलं म्हणजे झालं असं मी मानत नाही, त्यामुळे दुपारी रोव्हर (जागेवर न्यायचं अचूक जीपीएसचं यंत्र) घेऊन फेरीने पलीकडे गेलो. ते म्हातारे गृहस्थही आमच्याबरोबरच परतले. मानशीच्या चिऱ्याच्या भिंतीचे कोपरे घेतले, ते ड्रॉइंगमधल्या मानशीशी दोन-तीन सेंटिमीटरमध्ये जुळले. मग डिझाइनच्या बांधाची उत्तरेकडची कड जमिनीवर खुंट्या मारून दाखवली. खुंट्या चराच्या अलीकडेच पडल्या, चरापलीकडे त्यांचं शेत. ते काही बोलले नाहीत, पहिल्या खुंटीपासून शेवटच्या खुंटीपर्यंत स्वतः चालत गेले आणि चालत परत आले, आणि मग शेजारच्या शेताच्या खुंटीबद्दल विचारायला लागले, कारण ते शेत त्यांच्या भावाचं.

संध्याकाळी यादी परत काढली. चरापलीकडचे सगळे नंबर यादीतून गेले, आणि नदीकडच्या बाजूने कोमुनिदादच्या (गावाच्या सामायिक संस्थेच्या) जमिनीचा एक पट्टा जो आधी सुटला होता तो यादीत आला. ही दुसरी गोष्ट मला जास्त लागली. ज्यांचा नंबर उगाच आला ते निदान पिशवी घेऊन येतात, पण ज्यांचा नंबर सुटला त्यांना कळणार कसं? त्यांना थेट जेसीबी दिसला असता.

रात्री घरी जाताना त्या ड्राफ्ट्समनचा परत फोन आला. त्याच टेम्प्लेटवरून आणखी दोन गावांच्या बांधांची ड्रॉइंग गेलेली आहेत, एक तिसवाडीतलंच आणि एक बार्देशातलं, आणि दोन्ही ठिकाणी तिथल्या लोकांनी शेपफाइल हाताने सरकवून बसवून घेतली आहे, त्यांना कोणी काही बोललं नाही म्हणून यांनाही कळलं नाही. कोणी किती सरकवलं ते विचारलं तर कोणाकडे लिहिलेलं नाही. मी त्यांच्याकडून मूळ डीडब्ल्यूजी (कॅडच्या फाइली) मागवून घेतल्यात आणि त्या दोन्ही ऑफिसांना आमची एका पानाची नोट पाठवली आहे. बार्देशवाल्यांच्या नोटिसा अजून निघालेल्या नाहीत. दुसऱ्या गावात निघाल्यात, तिथली यादी आता एकेक सर्व्हे नंबर घेऊन तपासायला बसलो आहोत.