काउंट पलंग आवरतोय

तर शेवटी ड्रॅक्युला वाचून काढलं एकदाचं. ब्रॅम स्टोकरचं मूळ, १८९७ चं. इतकी वर्षं हात लावला नव्हता कारण वाटायचं त्यात आता उरलंय काय, सुळे, लसूण, क्रॉस सगळं पाठ आहे, आणि उघडलं तर पहिल्याच पानावर हा जोनाथन हार्कर चिकन हाणतोय! पॅप्रिका घातलेलं, लालभडक, त्याने घसा कोरडा पडतो आणि डायरीत नोंद काय, तर मीनासाठी, म्हणजे होणाऱ्या बायकोसाठी, रेसिपी घ्यायची. (मीना म्हटलं की मला आमच्या वरच्या मजल्यावरच्या मीनामावशीच दिसतात, त्याला इलाज नाही.)

पोरगा वकील आहे, काउंट ड्रॅक्युलाला लंडनला घर घ्यायचंय त्याचे कागद घेऊन त्याच्या वाड्यावर आलाय, बस, एवढंच. पहिल्या रात्री काउंट म्हणतो उशीर झालाय, माणसं हाताशी नाहीत, मीच बघतो तुमचं. आपल्याला वाटतं काय अगत्य! मग दाढीच्या आरशात काउंट दिसत नाही, तो आरसाच खिडकीतून फेकून देतो, आणि हार्करला टेन्शन की आता दाढी कशी करायची. मी इथे हसले खरं तर. आणि मग दोनचार पानांनी तो आपल्या खोलीत जातो तर काउंट स्वतः पलंग आवरतोय. नंतर दाराच्या फटीतून बघतो तर ताटंही तोच मांडतोय. म्हणजे त्या एवढ्या मोठ्या वाड्यात दुसरं माणूसच नाही, म्हणजे रात्री घोडागाडी हाकत घेऊन आला तोही हाच!

रात्री एक वाजता मी उठून हॉलचा लाईट लावला. भिंतीवरून पालीसारखा उलटा उतरतो तो सीन पुढे आहे, पण पोस्टरवर बघून बघून त्याची भीती गेलीये, या चादरीची नाही गेली.

मधे जाम रटाळ आहे, तो डॉक्टर व्हॅन हेल्सिंग बोलतच सुटतो. काउंट जिचं रक्त पितो त्या बिचाऱ्या लूसीला, मीनाच्या मैत्रिणीला, चार जणांचं रक्त चढवतात, रक्तगटांचा शोधच १९०१ चा, त्यामुळे कोणी विचारतही नाही.

आणि शेवट! खुंटाबिंटा काही नाही, हार्करची कुकरी चालते काउंटच्या गळ्यावर आणि त्याच्या सोबतच्या टेक्सासवाल्या क्विन्सी मॉरिसचा सुरा छातीत. कुकरी, गुरखा लोकांची! स्पॉयलर म्हणून ओरडू नका, सव्वाशे वर्षं झाली पुस्तकाला.