जुन्या पायथनसाठी पॅकेज करताना "अननोन-०.०.०" ने खाल्लेले चार दिवस: माझा अनुभव

आधी तो मेसेजच सांगतो, कारण सगळा वैताग त्याचाच आहे. "सक्सेसफुली इन्स्टॉल्ड अननोन-०.०.०". म्हणजे पिप (पायथनची पॅकेजेस इन्स्टॉल करणारं टूल) म्हणतंय झालं इन्स्टॉल, एररची एक ओळ नाही, आणि इम्पोर्ट करायला गेलं की म्हणे असं मॉड्यूलच नाही. सरळ फेल झालं असतं तर तासाभरात सापडलं असतं, त्या "सक्सेसफुली" वर विश्वास ठेवून चार दिवस भलतीकडेच शोधत बसलो.

माझी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी आहे, आकड्यातली रक्कम मराठीत अक्षरी लिहून देते. मराठीत शंभरापर्यंत जवळपास प्रत्येक आकड्याचं नाव वेगळं, त्यात ७९ एकोणऐंशी, ८९ एकोणनव्वद पण ९९ नव्याण्णव, त्यामुळे सगळा तक्ता हाताने भरलाय. पायथन ३.६ पासून पुढे चालेल असं मी स्वतःच लिहून ठेवलेलं आणि कोडपुरतं ते खरंही होतं. पायथनच्या नंतरच्या सोयी टाळल्या: वॉलरस ऑपरेटर वापरला नाही (तो ३.८ चा), डेटाक्लासेस नाहीत (३.७ पासून आले), पॅकेजमधली फाइल वाचून देणारं इम्पोर्टलिब रिसोर्सेससुद्धा ३.७ चंच म्हणून तक्ता वेगळ्या जेसन फाइलमध्ये न ठेवता सरळ डिक्शनरीत टाकलाय. हे काम दोन संध्याकाळचं, त्याबद्दल काही सांगण्यासारखं नाही.

मग एका पतपेढीतून मेल आला. तिथले कॉम्प्युटर बघणारे गृहस्थ, त्यांना पावत्यांवर अक्षरी रक्कम छापायची होती. सर्व्हर उबुंटू १८.०४, त्यात पायथन ३.६.९, पिप ९.०.१ आणि पॅकेज बिल्ड करणारं सेटअपटूल्स ३९.०.१. सर्व्हरला इंटरनेट नाही, आणि ते योग्यच आहे, लोकांच्या ठेवींचा हिशोब आहे त्यावर. त्यांनी दुसऱ्या मशीनवर पायपीआयच्या (पायथन पॅकेजेस जिथे ठेवतात ती साइट) पानावरून सोर्सची टार डॉट जीझेड फाइल उतरवली, पेन ड्राइव्हने नेली आणि इन्स्टॉल केली. "सर, इन्स्टॉल झालं म्हणतंय पण इम्पोर्ट होत नाही, माझं काही चुकतंय का?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्या पानावर सोर्सची फाइल वर असते आणि व्हील, म्हणजे आधीच बिल्ड करून ठेवलेली फाइल, खाली, कोणीही वरचीच घेणार.

लोक म्हणतील पायथन ३.६ डिसेंबर २०२१ मध्येच संपलं, उबुंटू १८.०४ चा नेहमीचा सपोर्टही मे २०२३ मध्ये संपला, सांगायचं त्यांना सर्व्हर बदला म्हणून. मला हे पटत नाही. त्यांचं मुख्य सॉफ्टवेअर त्याच सर्व्हरवर चालतं, तो बदलणं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, आणि ३.६ चालेल असं मी लिहिलंय तर ते चालवून देणं माझं काम आहे.

पहिल्या दिवशी मी डॉकरमध्ये (आपल्याच मशीनवर वेगळी कोरी सिस्टिम चालवायची सोय) पायथन ३.६ ची इमेज घेतली, पिपने नावाने इन्स्टॉल केलं, मस्त चाललं. त्यांना कळवलं, "माझ्याकडे चालतंय." हे सांगायला नको होतं, कारण नावाने मागितलं की पिप आधी व्हील उचलतं आणि व्हीलमध्ये बिल्ड करायचं काही उरलेलंच नसतं, म्हणजे मी त्यांची फाइल तपासलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हटलं पिप जुनं आहे, ३.६ वर चालणारं शेवटचं पिप २१.३.१, त्याचं व्हील पेन ड्राइव्हवर घेऊन जा. ते बिचारे घेऊन गेले. नवीन पिप बिल्डसाठी वेगळं एन्व्हायर्नमेंट तयार करतं आणि त्यात टाकायला सेटअपटूल्स नेटवरून मागतं, नेट नाही, तिथेच अडकलं. निदान या वेळी एरर तरी आली.

तिसऱ्या दिवशी टार फाइल उघडून बसलो. आत पीकेजी-इन्फो नावाची फाइल असते, त्यात नाव बरोबर, व्हर्जन बरोबर, सगळं जागच्या जागी. मग अननोन येतंय कुठून? इथे माझा अख्खा दिवस गेला. ती फाइल माझ्या लॅपटॉपवरच्या नव्या सेटअपटूल्सने लिहिलेली होती, इन्स्टॉल करताना तिच्याकडे कोणी बघतच नाही, तिथलं सेटअपटूल्स सगळी माहिती नव्याने काढतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी चौथ्या दिवशी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. कोरं उबुंटू १८.०४ डॉकरमध्ये उघडलं, पायथन आणि पिप उबुंटूच्या स्वतःच्या ॲप्टनेच घातलं, म्हणजे हुबेहूब त्यांच्याच व्हर्जन्स, टार फोडली आणि आतल्या सेटअप डॉट पाय या बिल्डच्या फाइलला फक्त नाव विचारलं. स्क्रीनवर एकच शब्द: अननोन. तीच कमांड लॅपटॉपवर दिली तर लायब्ररीचं नाव. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवल्या आणि मग प्रकाश पडला.

झालं होतं असं की वर्षभरापूर्वी मी नाव, व्हर्जन वगैरे सगळं पायप्रोजेक्ट डॉट टॉमल या नव्या पद्धतीच्या फाइलच्या प्रोजेक्ट या भागात हलवलं होतं, सगळीकडे तसंच सांगतात म्हणून. सेटअप डॉट पायमध्ये उरलं फक्त रिकामं सेटअप. पण सेटअपटूल्सला तो भाग वाचता येतो ६१ पासून, ते आलं मार्च २०२२ मध्ये आणि त्याला पायथन ३.७ लागतं. ३.६ वर चालणारं शेवटचं सेटअपटूल्स ५९.६.०. म्हणजे ३.६ वर तो भाग वाचणारं सेटअपटूल्स मिळूच शकत नाही. जुनं सेटअपटूल्स तक्रार करत नाही, त्याला नाव दिसत नाही म्हणून अननोन, व्हर्जन दिसत नाही म्हणून ०.०.०, पॅकेजेस दिसत नाहीत म्हणून एकही फाइल कॉपी होत नाही, आणि वर सक्सेसफुली.

उपाय वीस मिनिटांचा निघाला. सगळी माहिती सेटअप डॉट सीएफजी या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये नेली, ते ३९ लाही वाचता येतं आणि आजच्या सेटअपटूल्सलाही. पायप्रोजेक्टमधला प्रोजेक्ट भाग पूर्ण काढला, दोन्हीकडे ठेवू नका, एकीकडे बदल होतो आणि दुसरीकडे राहून जातो. व्हर्जनही सरळ आकड्यात लिहिलं, पॅकेजमधून वाचायला लावलं की जुनं सेटअपटूल्स त्यासाठी पॅकेज इम्पोर्ट करतं आणि तिथे अडू शकतं. सीएफजीमधल्या नावांत अंडरस्कोर वापरा, डॅश नको, मार्च २०२५ मध्ये सेटअपटूल्स ७८ ने डॅशवाली नावं नाकारली आणि कितीतरी पॅकेजेस अडकली, मग ते मागे घेतलं, पण पुन्हा होणार नाही असं धरून चालू नका.

जुनी फाइल पायपीआयवर बदलता येत नाही, त्याच नावाने परत चढवता येत नाही, नवीन व्हर्जनच काढावं लागतं. जुनं रिलीज यँक केलं, म्हणजे "हे घेऊ नका" अशी खूण लावली, तरी पिप ९ ला यँक कळत नाही, ती सोय २०१९ मध्ये आली. म्हणून आकडा वाढवून लगेच नवं टाकलं.

टेस्टचं सांगायचं राहिलं. गिटहब ॲक्शन्सवर (टेस्ट आपोआप चालवून देणारी सोय) सगळा जॉब उबुंटू १८.०४ च्या कंटेनरमध्ये चालवायला गेलो तर कोड आत आणणारी चेकआउट ही पहिली पायरीच पडली, ती ज्या नोडवर चालते त्याला जीलिबसी (सिस्टिमची मूळ सी लायब्ररी) २.२८ लागतं आणि १८.०४ मध्ये २.२७ आहे. मग चेकआउट बाहेर नव्या मशीनवरच ठेवलं आणि एका स्टेपमध्ये डॉकर रन करून आत टार फाइल पाथ देऊन इन्स्टॉल, मग इम्पोर्ट. टार फाइलच, व्हील नाही, आणि इन्स्टॉल झाल्यावर नाव छापून बघायचंच.

नवी फाइल पाठवली, दुपारी त्यांचा मेल आला, इम्पोर्ट झालं. मला इतकं बरं वाटलं की मी घरात सगळ्यांना सांगितलं. संध्याकाळी परत मेल: हाताने चालवलं तर चालतंय, रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारं) युनिकोड एन्कोड एरर. हे मात्र लगेच ओळखलं. क्रॉनमध्ये बरेचदा भाषेची सेटिंग नसते, मग ३.६ आउटपुट ॲस्की (फक्त इंग्रजी अक्षरांचं) धरतं आणि देवनागरीवर अडतं, ३.७ पासून ते आपोआप यूटीएफ-८ कडे वळतं. क्रॉनटॅबच्या वर पायथनआयओएन्कोडिंग यूटीएफ-८ अशी एक ओळ घालायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पावतीचा फोटो पाठवला, रुपये एकोणनव्वद हजार चारशे नव्याण्णव फक्त. वेलांट्या, जोडाक्षरं सगळं नीट आलेलं. खाली लिहिलं होतं, "सर, ९९ मुद्दाम तपासलं."