मागचा प्लग

पोहण्याच्या तलावाच्या हीटरमधला हीट एक्स्चेंजर, म्हणजे ज्यातून जाताना पाणी तापतं तो नळ्यांचा संच, बाकावर ठेवला तेव्हा फाटलेली जागा शोधावी लागली नाही. तळाच्या दोन तांब्याच्या नळ्या, त्याही फक्त मागच्या टोकाला, लांबीत उकललेल्या आणि कडा बाहेर वळलेल्या. गंजलेली नळी अशी फुटत नाही. ती आतून झिजत जाते आणि टाचणीएवढ्या भोकातून गळते. ही आतून ढकलून फोडली होती. बर्फाने.

मुंबईत हा प्रकार बघायला मिळत नाही. सांताक्रूझचा नीचांक ७.४ अंश, तोही २२ जानेवारी १९६२चा. उलट डिसेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा हीटरचा सीझन. साकीनाक्याला आमच्याकडे येतात ते टँकरच्या पाण्याने क्षार धरलेले, नाहीतर पाणी वाहत नसेल तर हीटर बंद करणाऱ्या फ्लो स्विचला वायर मारून, म्हणजे तो निकामी करून, चालवलेले आणि पाण्यावाचून जळलेले हीटर. सोसायट्यांमध्ये हे सर्रास चालतं आणि मला त्याची खरोखर चीड येते.

हा मात्र मनालीहून ट्रान्सपोर्टने आला होता. दादरच्या एका साहेबांचं तिथे घर आहे, लहानसा पूल आणि त्याला गॅसचा हीटर. देखभालीला त्यांनी आपल्याच गावाकडचा, गुहागरचा एक पोरगा ठेवलाय. थंडीआधी पूल बंद करताना आपण हीटर रिकामा केला होता, असं तो शपथेवर सांगत होता. साहेबांचा प्रश्न, "केला होता तर फुटला कसा?" गोठून फुटलेला माल वॉरंटीत बसत नाही. तेव्हा नव्याचे पैसे पोराच्या पगारातून कापायला त्यांनी सुरुवातही केली होती. मी फक्त 'हलगर्जीपणा' असं लिहून द्यायचं.

लिहिण्याआधी मी प्लग तपासले. या हीटरमध्ये आडव्या नळ्या दोन हेडरच्या, म्हणजे नळ्यांची टोकं जोडणाऱ्या पेट्यांच्या, मध्ये बसवलेल्या असतात, एक हेडर पुढे, एक मागे, आणि दोन्हींच्या तळाशी पाणी काढायचा एकेक ड्रेन प्लग. पुढच्या प्लगच्या डोक्याचे कोपरे पान्याने गोल झालेले, आट्यांवर टेफ्लॉन टेपचे जुने-नवे वेढे. मागच्याचे कोपरे कोरे करकरीत, आट्यांत कारखान्यातलं सीलंट जसंच्या तसं. त्याला कधी पानाच लागला नव्हता.

"म्हणजे त्याचीच चूक," साहेब म्हणाले.

मी पोराकडून जागेचे फोटो मागवले. हीटर भिंतीला जवळजवळ चिकटवलेला. मागे पाना फिरवणं सोडा, हातसुद्धा जात नाही. तिथे दुसरा प्लग आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं आणि बघायला वाटही नव्हती. मग त्याला म्हटलं, हीटरच्या ओट्यावर एक गोटी ठेवून बघ.

"काका, भिंतीकडे पळतेय."

तिथे सगळं जुळलं. ओटा मागे कललेला. पुढचा प्लग उघडला, पाणी वाहून गेलं, धार थांबली. रिकामा झाला असं कोणीही समजलं असतं. मागच्या टोकाला मात्र तळाच्या नळ्यांत पाणी उरलं. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं. नळीत एका जागी आधी बर्फाचं बूच बसतं, पलीकडच्या पाण्याला वाट उरत नाही आणि तांबं फाटतं.

भोवती किती जागा सोडायची, हे हीटरच्या पुस्तिकेत छापलेलं असतं. ते अंतर हवेसाठी आणि आगीच्या भीतीने असतं, तसंच माणसाच्या हातासाठीही. बसवणाऱ्याने हीटर पेटवून दाखवला, बिल घेतलं आणि निघाला. रिकामा कसा करायचा, ते दाखवलंच नाही. थंडीच्या गावात हीटर बसवणाऱ्याला हे सुचू नये?

मी रिपोर्टमध्ये हे सगळं फोटोंसकट लिहिलं. साहेब वाचून म्हणाले, "बरं, बघू." कंत्राटदाराशी भांडायचं तर वकील लागतो, पोराच्या पगाराला काही लागत नाही. कापलेले पैसे परत दिलेत का, असं मी त्यांना दोनदा विचारलंय. उत्तर नाही. पुढच्या फोनला पुन्हा विचारणार आहे.

नवा एक्स्चेंजर मी अट घालूनच पाठवला: ओटा लेव्हलला आणायचा, हीटर पुढे ओढायचा, मागच्या हेडरला पाइप जोडून त्याचा कॉक पुढे काढायचा. ते काम झालं. पोराने परवा विचारलं, यंदा काय काय करू? त्याला सांगितलं, आधी गॅस आणि वीज बंद. मग पुढचा प्लग आणि मागचा कॉक, दोन्ही उघड. प्रेशर स्विचची बारीक नळी सोडव, तिच्यातही पाणी राहतं. मग हवा मारून नळ्या कोरड्या कर. प्लग परत लावू नकोस, पिशवीत घालून गॅसच्या कॉकला बांधून ठेव, म्हणजे मार्चमध्ये तो लावल्याशिवाय कोणी हीटर पेटवणार नाही. आणि प्रत्येक गोष्टीचा फोटो काढून मला पाठव, तारखेसकट.