जुनी मेसनिक सनद आणि त्यावरचा राजपुत्र

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या एखाद्या जुन्या पेटीतून मेसनिक सनद (फ्रीमेसन या बंधुसंघटनेचं अधिकृत पत्र) निघाली, तर आधी साल पाहा. ५८८८ वाचून चक्रावू नका; मेसनिक सालगणना ४००० वर्षांनी पुढे असते. ४००० वजा करा, १८८८ येईल.

मग ग्रँड मास्टरचं, म्हणजे संघटनेच्या प्रमुखाचं, नाव जुळवा. १८७४ मध्ये रिपन यांनी कॅथलिक होताना इंग्लंडच्या ग्रँड लॉजचं, म्हणजे तिथल्या फ्रीमेसनांच्या सर्वोच्च संस्थेचं, हे पद सोडलं (तेच पुढे आपले व्हाइसरॉय). १८७५ पासून युवराज एडवर्ड आले. १९०१ मध्ये ते राजा झाले, तेव्हा भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट पदावर बसले, थेट १९३९ पर्यंत. गफलत इथेच होते: कॅनॉट १८८६ ते १८९० मुंबई फौजेचे सरसेनापती होते, पण तेव्हा इंग्लंडचे ग्रँड मास्टर नव्हते.

सनद स्कॉटिश, म्हणजे स्कॉटलंडच्या वेगळ्या ग्रँड लॉजची असेल, तर ही यादी लागूच नाही.